अमरावती रोडवरची चौदा मिनिटं

प्रिय ईरा आणि कबीर,

परवा व्हिडिओ कॉलवर ईराने मला तिच्या तिकडच्या लर्नर्स लायसन्सच्या परीक्षेचे प्रश्न विचारायला बसवलं. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारण्यात गेल्यामुळे मलाही मजा वाटत होती. त्यात एक प्रश्न आला: रस्त्याला बऱ्याच लेन आहेत आणि पुढे शाळेची बस लाल दिवे लावून थांबली आहे, तर कोणी थांबायचं? ईराने घडाघडा सांगितलं की मागून येणाऱ्या सगळ्या लेनमधल्या गाड्यांनी थांबायचं. समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं, पण मधे डिव्हायडर असेल तर समोरच्यांना माफ. मी पूर्ण मार्क दिले. मग मागून कबीरचं डोकं डोकावलं. "आजी, नागपूरमध्ये काय रूल आहे?"

मी म्हटलं, "इथे असा काही नियम नाही." तुम्ही दोघं हसलात आणि कॉल संपला.

ते उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. उत्तर अपुरं सोडायची मला सवय नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. कठीण शब्द अडले तर आईला विचारा.

मी शोधलं तेव्हा तसा नियम मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. पण अमरावती रोडवर, शहराच्या टोकाला वाडीच्या गोदामांपाशी, तो रोज दुपारी काही मिनिटांपुरता असायचा. एक माणूस तो आपल्या बसमधून घेऊन यायचा आणि जाताना परत घेऊन जायचा.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. शाळेतली मुलं त्यांना बसकाका म्हणत, वाडीचे ट्रकवाले उस्ताद म्हणत, आणि ते मला मॅडम म्हणत. तेवढ्यावर आमचं इतकी वर्षं भागलं. वीसेक वर्षं ट्रक चालवून ते आमच्या शाळेच्या बसवर आले होते. मी तेव्हा उपमुख्याध्यापिका होते आणि बसगाड्यांचं सगळं काम माझ्याकडे होतं. बसचं टाइमटेबल मी स्वतः आखलं होतं, पट्टी घेऊन, दोन रंगांच्या शाईत. सगळ्या बस मुलांना सोडून तीन वाजून पाच मिनिटांनी शाळेत परत यायला हव्यात, असं त्यात लिहिलं होतं. रूट नंबर चारची बस रोज तीन एकोणीसला यायची. एकोणीस म्हणजे एकोणीस, अठरा नाही की वीस नाही.

"चौदा मिनिटं कुठे जातात?" मी त्यांना विचारायची.

"जात नाईत मॅडम," ते म्हणायचे. "थांबतात."

उंच, वाळकुडा माणूस. मे महिन्याच्या उन्हातही लांब बाह्यांचा पांढरा सदरा, डोक्याला ओला दुपट्टा. सकाळी मुलं यायच्या आधी ते बसच्या पायऱ्या पाण्याने पुसायचे, घराचा उंबरा पुसावा तशा. हॉर्न वाजवायचे नाहीत. "हॉर्न म्हनजे शिवी," असं त्यांचं मत. एप्रिल लागला की लू लागू नये म्हणून ते बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात एक लहानसा कांदा टाकायचे. दुपारपर्यंत सगळा पहिलीचा वर्ग कांद्याने घमघमायचा. मी नोटीस काढून कांदे बंद केले. दुसऱ्या दिवशी कांदे दप्तरांच्या बाहेरच्या कप्प्यांत निघाले. नोटिशीत खिसे लिहिले होते, दप्तरं लिहिली नव्हती.

ते म्हणायचे, "गाडी चालवनं कोनालेही येते. थांबवनं शिकाव लागते." माणसांची पारखही ते त्यावरूनच करायचे. कुणाबद्दल चांगलं बोलायचं झालं तर म्हणायचे, "त्याले थांबता येते." आमच्या मुख्याध्यापकांबद्दल एवढंच म्हणायचे, "चांगला मानूस हाये. पन थांबत नाई."

शेवटी एके दिवशी मी घड्याळ आणि वही घेऊन त्यांच्या बसमध्ये बसले. एप्रिलची दुपार होती. अर्धी मुलं खिडक्यांना डोकी टेकून झोपली होती. पडद्यांमधून गरम वारा येत होता, त्याला कांद्याचा वास होता. दूर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकायचं आणि बस जवळ गेली की ते पाणी आणखी पुढे सरकायचं. मलाही पेंग येत होती. मी वहीत वेळा लिहीत होते आणि अक्षर वाकडं होत होतं.

वाडीला रस्ता तेव्हा नुकताच रुंद झाला होता. एका बाजूला तीन लेन, मधे डिव्हायडर, पलीकडे पुन्हा तीन. गोदामांमुळे सगळी ट्रकांची वर्दळ. गोदामांच्या मागे वस्ती होती आणि तिथे पहिलीतली संघमित्रा राहायची. वर्गात सगळे तिला मित्रा म्हणायचे. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे होतं आणि बस थांबायची अलीकडे. माझ्या टाइमटेबलप्रमाणे बसने डावीकडे थांबायचं, मुलीने उतरायचं आणि डिव्हायडरच्या फटीतून सांभाळून पलीकडे जायचं. कागदावर त्याला एक मिनिट दिलं होतं.

काकांनी बस डावीकडे नेली नाही. त्यांनी ती सावकाश तिरपी केली, दोन लेन अडतील अशी, आणि इंजिन बंद केलं.

पुढच्या सीटवर बसलेल्या मदतनीस मावशी माझ्याकडे वळल्या. "पाह्यलं मॅडम? रोजचं हे असंच हाये. जसा काही यायच्या बापानंच रोड बांधला!"

"बापानं नाई वं," काका दार उघडत म्हणाले. "मीच. या रोडची अर्धी खडी-गिट्टी माह्या ट्रकनं आली."

मग त्यांनी खाली उतरून उघड्या पंजाने बसच्या पत्र्यावर एक थाप मारली.

ट्रकवाल्यांच्या जगात ही बोली आहे. क्लीनर पत्र्यावर एक थाप मारतो तेव्हा थांब, दोन मारतो तेव्हा चल. मागच्या ट्रकमधल्या माणसाने हात बाहेर काढून आपल्या दारावर एक थाप मारली. त्याच्या मागच्याने मारली. त्याच्याही मागच्याने. ती थाप रांगेतून मागे मागे गेली आणि एकेक इंजिन बंद होत गेलं. काका चालत तिसऱ्या, मोकळ्या लेनमध्ये गेले आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, मुलीकडे पाठ करून उभे राहिले. ती लेनही थांबली. तसेच ते पुढे डिव्हायडरच्या फटीत गेले, आणि पलीकडून येणारे ट्रकही थांबले. तिकडेही एक थाप वाजली.

आणि मग काहीच वाजलं नाही. अमरावती रोडवर, दुपारी पावणेतीनला, मला एका लहान मुलीच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. तिच्या दप्तराला पाण्याची बाटली बांधलेली होती, ती पावलागणिक टकटक करत होती. ती घाईत नव्हती. अंगणातून घरात जावं तशी ती सहा लेनमधून चालत गेली. गोदामांच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी एक निळं दार होतं. ते उघडलं आणि मिटलं. काकांनी परत येऊन पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि सगळा रस्ता झोपेतून उठल्यासारखा घरघरायला लागला. पुढेही प्रत्येक थांब्यावर मूल दारात शिरेपर्यंत बस हलली नाही.

मी वहीत वेळ लिहायची विसरले होते.

परतताना मी विचारलं, "तुम्ही हे का करता? मधे डिव्हायडर आहे ना, तिथे थांबून जाता येतं की."

"डिव्हायडर तुमाले दिसते मॅडम. पोराले त्याच्या पलीकडची माय दिसते." त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "पारशिवनीच्या रोडवर एकदा एक बस उभी होती. मी थांबलो नाई, बाजूनं काढला ट्रक. पोरगं बसच्या पुढून निघालं. वाचलं. माह्या चाकाखाली त्याचा डबा आला. बस, डबाच. तो आवाज अजून येते मले, मंग मी इंजिन बंद करतो."

काही दिवसांनी तक्रार आली. तिसऱ्या लेनमध्ये थांबवल्या गेलेल्या एका कारवाल्या गृहस्थांनी मोबाइलवर चित्रण करून ते शाळेला आणि ट्रॅफिक पोलिसांनाही पाठवलं. पोलिसांनी चालान फाडलं. संस्थेने मला रिपोर्ट मागितला.

मी दोन पानी रिपोर्ट लिहिला. शाळेच्या बससाठी रस्ता थांबवण्याचा नियम मला सापडलेला नाही. लेन अडवून वाहन उभं करणं गुन्हा आहे. चालकाने बस सोडून रस्त्यात उभं राहणं धोक्याचं आहे. बस रोज चौदा मिनिटं उशिरा येते. आजही तो रिपोर्ट समोर ठेवला तर त्यातला एकही शब्द मला खोडता येणार नाही. तेच मला सलतं. ती शांतता मात्र मी त्यात लिहिली नाही, कारण ती कोणत्या कलमाखाली लिहायची ते मला कळलं नाही.

कामावरून कमी केल्याचं पत्र त्यांना मीच दिलं. त्यांनी ते घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही बसमधी होत्या न?"

"होते."

"तुमाले आयकू आलं होतं न?"

"आलं होतं."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले आणि बसची किल्ली टेबलावर ठेवली. किल्लीबरोबर एक कागद होता. त्यावर मुलांची नावं नव्हती, दारं होती. निळं दार, माय गोदामात असते, आजी उघडते. हिरवं दार, दोन कुत्रे, पांढरं चावत नाही. असं सव्वीस मुलांचं. तो कागद मी नव्या चालकाला दिला. त्याने तो काचेपाशी ठेवला आणि पहिल्याच दिवशी तो वाऱ्याने उडून गेला.

नवा चालक शिस्तीचा होता. बस डावीकडे लावायचा, हॉर्न वाजवायचा, तीन पाचला शाळेत हजर. मला बरं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. आठ दिवस मी रजिस्टरमध्ये ३.०५ असा आकडा लिहिला आणि प्रत्येक वेळी तो सुंदर दिसला.

दहाव्या दिवशी सकाळी मित्राची आई माझ्या खोलीच्या दारात उभी होती. गोदामात पॅकिंगचं काम करायची, अंगावर कामाचा निळा कोट तसाच होता. तिच्या हातात एक लहान काळा बूट होता.

"बसा ना," मी म्हटलं.

"बसत नाई मॅडम. भांडालेही नाई आली. येवढंच विचाराले आली, त्या काकाले काहून काढलं?"

मग तिने आदल्या दिवशीचं सांगितलं. मदतनीस मावशी रजेवर होत्या, मित्रा एकटीच बसमधून उतरली. काका नव्हते, म्हणून तिने स्वतःच आपल्या हाताने बसच्या पत्र्यावर एक थाप मारली. मागचा ट्रकवाला ओळखीचा होता, तो थांबला. त्याच्या बाजूचाही थांबला. मित्रा निघाली, अंगणातून घरात जायला निघावं तशी. तिसऱ्या लेनमधून एक कार आली. तिच्या चालकाला थाप माहीत नव्हती, आणि थांबलेल्या ट्रकांच्या आडून पोरगी दिसणं शक्यच नव्हतं. त्याने ब्रेक मारला. कारचा धक्का दप्तराला लागला आणि मित्रा पडली. गुडघा फुटला. बूट उडून डिव्हायडरच्या पलीकडे गेला.

"बाकी काई नाई झालं," आई म्हणाली. "पन पोरगी रडत नाई मॅडम. ते म्हनते, आई, मी तं थाप मारली होती. मंग तो काहून नाई थांबला?" तिने बूट माझ्या टेबलावर ठेवला. "मले याचं उत्तर देता येत नाई. तुम्ही तं शिकलेल्या. तुम्ही सांगा तिले."

ईरा, तुझ्या पुस्तकात 'सगळ्या लेन' असं लिहिलं आहे ना, ते यासाठी. दोन लेन थांबून तिसरी चालू राहिली, तर थांबलेल्या दोन लेनच मुलाला लपवतात. हे तू पाठ केलंस. मला ते एका बुटाने शिकवलं.

त्याच संध्याकाळी मी वाडीला गेले. काका एका गोदामाच्या फाटकावर लागले होते, ट्रक आला की दांडा वर करायचा, गेला की खाली. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी सगळं सांगितलं. ऐकताना ते दांड्याची दोरी हातात धरून होते. एक ट्रक येऊन थांबला, त्यांना दिसला नाही.

"पोरगी?"

"बरी आहे. गुडघ्याला पट्टी आहे."

मग म्हणाले, "चूक माही हाये मॅडम. मी पोरायले दाखवलं का थाप मारली का रस्ता थांबते. थापेनं थोडाच थांबत होता? ट्रकवाले माह्या ओळखीचे होते आन तिसऱ्या लेनमधी मी उभा होतो, म्हनून थांबत होता. ते सांगाचं राहूनच गेलं."

"चूक माझीही आहे," मी म्हटलं.

"तुमची रिपोर्टात नाई आली," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हसले.

ट्रकवाला ओरडला, "उस्ताद, दांडा उठाओ, सो गये क्या?"

त्याला आत घेतल्यावर मी वही काढली. मला रस्ता थांबवता येत नव्हता, पण टाइमटेबल माझं होतं. मी विचारलं की मुलीला रस्ता ओलांडावाच लागणार नाही, असं काही करता येईल का? त्यांनी काडी घेऊन मातीत रस्ता काढला. बस सरळ पुढे न्यायची, लांबच्या यू-टर्नवरून वळवायची आणि परत येऊन निळ्या दाराच्या बाजूला थांबवायची. पुढच्या थांब्यांवर पलीकडे राहणाऱ्या मुलांसाठीही तसंच. रविवारी आम्ही दोघं रिकाम्या बसमधून, रोजच्याच वेळेला निघून आणि प्रत्येक थांब्यावर थांबत, तो सगळा फेरा फिरलो. मी पुढच्या सीटवर घड्याळ धरून बसले होते. शाळेच्या फाटकात शिरताना मी वेळ पाहिली. तीन एकोणीस.

"चौदा मिनिटं," मी म्हटलं.

"मंग! मी येवढे दिवस काय म्हनून राहिलो होतो?"

संस्थेच्या समितीपुढे मी उभी राहिले आणि माझ्याच रिपोर्टच्या विरुद्ध बोलले. ते सोपं नव्हतं. नीटनेटक्या माणसाला स्वतःची सही खोडणं फार जड जातं. मी सांगितलं की नवं टाइमटेबल माझ्या जबाबदारीवर, आणि ते चालवायला हाच चालक हवा. एक सभासद म्हणाले, "मॅडम, एका पोरीसाठी रोज चौदा मिनिटं?" मी मित्राचा बूट पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला. तेव्हा नवं टाइमटेबल मंजूर झालं. काका परत आले, अटींवर: बस तिरपी लावायची नाही, रस्त्यात उभं राहायचं नाही, थाप मारायची नाही.

पहिल्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या बसमध्ये होते. वाडी यायच्या आधी त्यांनी बस कडेला घेतली आणि मुलांकडे वळले.

"सांगा पोरंहो, पत्र्यावर थाप मारली का काय होते?"

"रस्ता थांबते!" सगळी बस ओरडली.

"नाई," काका म्हणाले. "काहीच होत नाई. नुस्ता हात दुखते."

पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर हात ठेवून मित्रा म्हणाली, "पन काका, ट्रकवाले काका तं थांबले होते."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, रस्ता उन्हात हलत होता, आणि माझ्या मनात आलं की ते आता स्वतःच्याच हाताने आपला तो शांत रस्ता पुसून टाकत आहेत.

"थांबले होते वं बाई," ते म्हणाले. "चांगले मानसं हायेत ते. पन सगळे थांबले, तरच रस्ता थांबला म्हनाचं. एक जरी नाई थांबला, तं कोनीच नाई थांबलं."

त्या दिवसापासून उतरणाऱ्या प्रत्येक मुलाकडून ते हे वाक्य म्हणवून घ्यायचे. मूल दारात शिरेपर्यंत मात्र इंजिन बंद ठेवायचे. अटींमध्ये इंजिनाचं काही लिहिलेलं नव्हतं. आणि कधी कधी, ओळखीचा एखादा ट्रकवाला पलीकडच्या लेनमधून जाताना, न थांबता, खिडकीतून हात काढून आपल्या दारावर एक थाप मारायचा. काका त्याच्याकडे बघायचे नाहीत. पण एप्रिलमध्ये मला पुन्हा दप्तरांत कांदे सापडले, आणि मी नोटीस काढली नाही.

ते जाऊन आता काही वर्षं झाली. त्या रस्त्याचं रूपही बदललं आहे. मित्रा कॉलेजात आहे. मधे धरमपेठला भाजी घेताना भेटली, तेव्हा रस्ता ओलांडण्यापूर्वी तिने माझा हात धरला. आधी मला वाटलं, माझ्या वयासाठी असेल. मग पाहिलं तर ती सगळ्या लेन एकेक करून बघत होती.

कबीर, तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे आहे. तुमच्याशी बोलल्यानंतर मी शाळेत फोन करून विचारलं. रूट नंबर चारची बस अजूनही लांबच्या यू-टर्नवरून वळून येते, प्रत्येक मुलाला त्याच्या घराच्या बाजूला उतरवते, आणि तीन वाजून एकोणीस मिनिटांनी शाळेत पोचते.

तुमची,
आजी